घासलेटच्या स्टोव्हनंतर काय? सरपण, पेलेट आणि गॅसचा घरगुती हिशोब

पुणे : रेशन दुकानासमोर प्लॅस्टिकचे कॅन घेऊन उभी राहिलेली निळ्या घासलेटची रांग आता जिल्ह्यातून जवळपास गेली. शहरात पाइपचा गॅस आला, गावागावात सिलेंडर पोचले. पण सिलेंडर घरात असणं वेगळं आणि तो संपल्यावर लगेच दुसरा भरून आणणं वेगळं. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, जुन्नर, आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर, आणि पुणे शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्येही, घासलेटची जागा पूर्णपणे गॅसने घेतलेली नाही. काही जागा पुन्हा सरपणानं घेतली. आणि अधूनमधून कुणीतरी पेलेटच्या चुलीची जाहिरात दाखवून विचारतं, की ही घ्यावी का?

ही चूल या भागाला नवीन नाही. वीस वर्षांपूर्वी राज्यात ती मोठ्या संख्येनं विकली गेली, तिचा कारभार काही काळ पुण्यातूनच चालला, आणि नंतर बहुतेक घरांत ती माळ्यावर गेली. चूल वाईट होती म्हणून नाही. तिच्यात घालायचा माल महाग झाला आणि वेळेवर मिळेना. आज चूल घ्यायची तर तो सगळा प्रकार आधी माहीत असलेला बरा.

घासलेटचे दिवस

घासलेट, रॉकेल, केरोसीन, तिन्ही एकच. खेड्यात ते मुख्यतः दिव्याला आणि चूल पेटवायला लागायचं. शहरात मात्र त्याच्यावर संसार चालले. पेठांतले वाडे, पर्वती-येरवडा भागातल्या वस्त्या, कामगारांच्या खोल्या, शिकायला आलेल्या पोरांच्या कॉट बेसिस, सगळीकडे स्टोव्ह. दोन प्रकारचे : हवा मारून पेटवायचा बर्नरचा आणि वातींचा. बर्नरचा आवाज करायचा, जाळ कडक द्यायचा, पण पिन मारावी लागायची आणि भडका उडायची भीती कायम. वातींचा शांत, पण वाती नीट कापल्या नाहीत की भांड्याला काजळी. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागानं सत्तरच्या दशकात काढलेला 'नूतन' स्टोव्ह याच वातींच्या जातीचा. कमी तेलात जास्त स्वयंपाक हा त्याचा गुण.

रेशनचं घासलेट निळं रंगवलेलं असायचं, ते काळ्या बाजारात गेलं की ओळखू यावं म्हणून. तरी जायचंच. डिझेलमध्ये भेसळ व्हायची. सरकारचं अनुदान एकीकडे आणि तेल भलतीकडे, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला. शेवटी २०१६ च्या जुलैपासून केंद्रानं रेशनच्या घासलेटचा दर लिटरमागे २५-२५ पैशांनी टप्प्याटप्प्यानं वाढवायला सुरुवात केली. वाढ इतकी बारीक की कुणी ओरडलं नाही. २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात अनुदानाला पैसेच ठेवले नाहीत. त्याआधीच ज्याच्याकडे गॅस त्याला घासलेट नाही हा नियम होता, पुढे गॅसजोडणी नसल्याचं हमीपत्र मागायला लागले. घरात सिलेंडर रिकामा असला तरी कागदावर जोडणी आहे, म्हणजे घासलेट बंद. ज्यांच्याकडे सिलेंडर भरायला त्या आठवड्यात पैसे नसतात, त्यांची मधली सोय यात गेली.

पेलेटच्या आधीचा भुसा

लाकडाचा बारीक भुगा जाळायची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून पोत्यानं भुसा आणून शेगडीत जाळायची पद्धत जुनी. पत्र्याच्या गोल डब्याला बुडाशी बाजूला भोक. त्या भोकात एक काठी आडवी, मधोमध एक बाटली नाहीतर लाटणं उभं धरायचं आणि भोवतीनं भुसा ठासून भरायचा. मग काठी आणि बाटली अलगद काढून घ्यायची. मध्ये नळीसारखी पोकळी राहते, तिच्यातून वारा खेचला जातो आणि भुसा आतून बाहेर असा दोन-तीन तास धुमसत जळतो. ठासण्यात चूक झाली की मध्येच ढासळतो आणि घरभर धूर. हे काम घरातल्या एखाद्याच बाईला नीट जमायचं.

दुसरा प्रकार बंबाचा. तांब्याचा बंब, मध्ये नळी, नळीत लाकडाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, चिपाडं, जे मिळेल ते. पुणेकरांच्या घरात गरम करायची खरी गोष्ट म्हणजे अंघोळीचं पाणी. थंड देशांत घर गरम ठेवायला तेल जाळतात, आपल्याकडे तो खर्च नाही. आपला खर्च स्वयंपाक आणि पाणी, आणि या दोन्हींचा हिशोब वेगवेगळा मांडला पाहिजे. तो पुढे येईल.

पेलेट म्हणजे काय आणि चूल चालते कशी

शेतातला काडीकचरा, भुईमुगाची टरफलं, बगॅस, सोयाबीनचं भुसकट, लाकडाचा भुसा असा माल वाळवून, दळून, मोठ्या दाबानं साच्याच्या भोकातून ढकलला की बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या पडतात. त्या पेलेट. साधारण सहा ते आठ मिलिमीटर जाड. जनावरांचं पेलेट खाद्य पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको, मशीन जवळपास तसंच. याच मालाचे मनगटाएवढे जाड ठोकळे केले की त्याला ब्रिकेट म्हणतात, बाजारात 'पांढरा कोळसा' किंवा 'व्हाइट कोल'. तो कारखान्याच्या बॉयलरचा माल, घरगुती चुलीत मावत नाही. जाहिरातीवर फोन केल्यावर स्वस्त दर सांगितला तर आधी विचारावं की पेलेट की ब्रिकेट.

पेलेटची चूल म्हणजे उभा डबा. वरून पेलेट भरायचे, वरूनच पेटवायचे, खालून छोटा पंखा वारा देतो. वारा दोन ठिकाणी जातो. थोडा बुडातून, त्यानं पेलेट तापून त्यातला वायू सुटतो. बाकीचा वरच्या कडेच्या भोकांतून, त्यानं तो वायू पेटतो. म्हणजे जळतो तो मुख्यतः वायू, म्हणून जाळ निळसर-पिवळा, गॅससारखा, आणि धूर नावालाच. साध्या तीन दगडांच्या चुलीत याच वायूचा बराच भाग न जळताच धूर होऊन निघून जातो. डोळे चोळायला लावतो तो हाच.

पण भाकरीच्या बायकांचा या चुलीवर पहिला आक्षेप असतो तो निखाऱ्यांचा. भाकरी तव्यावर होते, फुगते ती आरावर. उभ्या डब्याच्या चुलीत भाकरी टेकवायला आर पुढं ओढता येत नाही. दुसरी अडचण, एकदा भरली की भरलेला माल संपेपर्यंत ती चालणार. पाहुणा आला, चहा टाकायचाय, पाच मिनिटांचं काम, त्याला ही चूल पेटवत नाहीत. आणि मध्येच पेलेट संपले तर चालू जाळात वरून ओतले की धूर.

पुण्यातून चाललेली 'ऊर्जा' चूल

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाचं अशा वायू जाळणाऱ्या चुलींवर बरीच वर्षं काम चाललं होतं. त्यातून तयार झालेली पंख्याची पेलेट चूल बीपी या ब्रिटिश तेल कंपनीनं घेतली आणि २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' या नावानं बाजारात आणली. मागे विचार होता व्यवस्थापनशास्त्राचे सी. के. प्रल्हाद यांचा : गरिबाला मदत घेणारा समजू नका, गिऱ्हाईक समजा. महाराष्ट्रात गावोगाव विक्रीसाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या महिला बचतगटांचं जाळं वापरलं गेलं. गावातलीच बाई चूल करून दाखवणार, तीच विकणार, तीच पेलेटची पिशवी देणार.

एका वेळी साधारण ६०० ग्रॅम पेलेट बसायचे आणि त्यावर तासभर जाळ मिळायचा. प्रयोगशाळेत पाणी उकळून घेतलेल्या चाचणीत ५० टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्याला लागत होती. साध्या चुलीत हे प्रमाण १० ते १५ टक्के धरतात. चूल सुरुवातीला सातशे रुपयांच्या आसपास आणि पेलेट किलोला पाच रुपयांच्या आसपास मिळत होते. त्या काळात काळ्या बाजारातलं घासलेट घेणाऱ्याला हे परवडत होतं. तीन-चार वर्षांत सुमारे ४ लाख चुली विकल्या गेल्या. भारतात इतक्या मोठ्या संख्येनं, बिगर अनुदानाची, पदरचे पैसे देऊन घेतलेली सुधारित चूल त्याआधी विकली गेली नव्हती असं म्हणायला हरकत नाही.

२००९ मध्ये बीपीनं या धंद्यातून अंग काढलं आणि तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. पण तोवर गणित बिघडायला लागलं होतं. पेलेटचा कच्चा माल महागला, वाहतूक महागली, किलोचा दर चढत गेला. गावातल्या पिशव्या कधी येत, कधी नाही. ज्या घरात पेलेट संपले आणि पंधरा दिवस नवीन आले नाहीत, त्या घरानं जुनी चूल पुन्हा सारवली. नंतर पेलेट आले तरी ते घर परत फिरलं नाही. कंपनीनंही मग घरगुती गिऱ्हाइकापेक्षा हॉटेल, खानावळी, कँटीन यांच्या मोठ्या पेलेट शेगड्यांकडे मोर्चा वळवला. तिथं व्यापारी सिलेंडरचा दर जास्त, त्यामुळे पेलेट महाग झाले तरी परवडत होते.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या 'ऊर्जा' घेतलेल्या घरांची पाहणी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इतरांसोबत केली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीच्या वेळी चूल घेतलेल्यांपैकी फक्त ९ टक्के घरांत ती चालू होती. दुसरी गोष्टही त्यांनी नोंदवली. घेणारे मुख्यतः सगळ्यात गरीब नव्हते. मधल्या थरातले, पुष्कळ ठिकाणी आधीच गॅस असलेले होते. गॅस पुरवून वापरायचा म्हणून त्यांनी चूल घेतली. रानातून फुकट सरपण आणणारी बाई किलोमागे पैसे मोजून जळण का घेईल, हा साधा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिनं न घेऊनच दिलं.

आणखी दोन गोष्टी अशा की कागदावर कुणाच्या लक्षात येत नाहीत. पंख्याची बॅटरी विजेवर चार्ज करायची होती, आणि तो काळ राज्यात खेड्यापाड्यांत बारा-बारा तासांच्या भारनियमनाचा. दुसरं, पेलेट काडीनं पेटत नाहीत. वर चमचाभर घासलेट टाकून पेटवायची रीत पडली. म्हणजे घासलेट सोडायला घेतलेली चूल पेटवायला घासलेटच.

काडीकचऱ्याला भाव कुणी आणला

शेतातला कचरा फुकट, म्हणून पेलेट स्वस्त राहणार, असं धरून हा धंदा उभा राहिला होता. कचरा फुकट राहतो तो कुणी विचारत नाही तोवर. बगॅसचंच बघा. साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मितीचे प्रकल्प घातले, तशी बगॅस त्यांच्याच बॉयलरला लागू लागली. उरलेली कागद कारखान्यांनी उचलली. वीटभट्ट्या, डेअऱ्या, कापड-रसायनांचे कारखाने ब्रिकेटकडे वळले, कारण फर्नेस ऑइल महागलं होतं. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं कोळशाच्या वीज केंद्रांत ५ टक्के बायोमास पेलेट मिसळून जाळायचं धोरण ठरवलं. वीज केंद्राची मागणी घरगुती चुलींच्या मानानं फार मोठी. अशा गिऱ्हाइकाबरोबर भावात घरगुती चूल कशी टिकणार?

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात घर गरम ठेवायला तेलाचे बॉयलर होते, ते काढून पेलेटचे बसवायला सरकारनं पैसे दिले. तिथं पेलेटला वर्षानुवर्षं तेलापेक्षा स्वस्त म्हणून नावाजलं गेलं. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सगळे एकदम पेलेटकडे धावले आणि जर्मनीत टनाचा भाव त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर ७०० युरोच्या वर गेला. आदल्या वर्षीच्या तिप्पट. पुढे तो उतरला. पण ज्यानं तेलाचा बॉयलर काढून टाकला होता त्याला त्या थंडीत दुसरा पर्याय नव्हता.

आपल्या बाजूनं एक फरक आहे, आणि तो शेतकऱ्यानं विसरू नये. पाचट, तुराट्या, सोयाबीनचं भुसकट पेलेटवाल्याला विकावं की नाही, हा वेगळा व्यवहार आहे. उसाचं पाचट एकरी चार टनांपर्यंत निघतं. ते सरीत दाबलं तर पाणी वाचतं, तण कमी येतं, जमिनीत कर्ब राहतो. जाळण्यापेक्षा विकणं बरं, आणि बऱ्याच रानांत विकण्यापेक्षा कुजवणं बरं.

आता पैशांचा हिशोब

जळणाचा दर किलोनं बघून उपयोग नाही. भांड्याला किती उष्णता लागली ते बघावं लागतं. १४.२ किलोच्या सिलेंडरमधली, चांगल्या शेगडीवर भांड्याला लागणारी उष्णता धरली तर तेवढ्यासाठी पंख्याच्या चुलीत साधारण ६५ किलो पेलेट लागतात. इथे प्रयोगशाळेतले ५० नाही, घरच्या वापरातले ४० टक्के धरले आहेत. तेवढंच काम तीन दगडांच्या चुलीवर करायला दोन-अडीच क्विंटल वाळलेलं लाकूड. वातीच्या स्टोव्हमधल्या एका लिटर घासलेटाला साधारण पावणेतीन किलो पेलेट.

म्हणजे सोपा ठोकताळा : पेलेटच्या किलोच्या दराला ६५ नं गुणा. किलो १० रुपये असेल तर सिलेंडरएवढ्या कामाला ६५० रुपये. १३ रुपये असेल तर ८४५. दर लिहून घेताना गोदामातला नाही, घरपोच दर धरा, कारण पेलेटमध्ये भाडं मोठं असतं.

समोर गॅसचा दर ठेवा. २०२३ च्या मार्चमध्ये दिल्लीत घरगुती सिलेंडर १,१०३ रुपयांवर गेला होता. त्या वर्षी ऑगस्टअखेर २०० रुपये उतरला, २०२४ च्या मार्चमध्ये आणखी १००, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढून ८५३ झाला. पुण्यातला दर तेव्हा त्याच्या आसपासच होता, थोडाफार फरक. ८५०च्या सिलेंडरशी बरोबरी करायची तर पेलेट घरपोच १३ रुपयांच्या आत हवेत. उज्ज्वलाच्या जोडणीला २०२५ मध्ये ३०० रुपये अनुदान खात्यात येत होतं, त्या घराला सिलेंडर ५५० च्या आसपास पडत होता. त्या दरात त्याला पेलेट साडेआठ रुपयांच्या वर परवडतच नव्हते. शिवाय राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन सिलेंडर मोफत, म्हणजे त्या तीन सिलेंडरच्या काळात पेलेट घ्यायचं कारणच राहत नाही.

थोडक्यात, १,१०० च्या सिलेंडरवेळी फायद्याची दिसणारी चूल ८५० ला बरोबरीत येते. चूल विकणारा नेहमी गॅस महाग असतानाच दारात येतो.

अंघोळीच्या पाण्याचं गणित मात्र निराळं. वीस लिटरची बादली थंडीत अंघोळीजोगी करायला विजेवर पाऊण युनिटच्या आत काम होतं. पाच माणसांच्या घराचं महिन्याला ९० ते १०० युनिट होतं, आणि तेवढ्यानं बिलाचा वरचा टप्पा लागतो. तेच पाणी बंबात अर्धा-पाऊण किलो वाळक्या लाकडावर होतं. बांधावरची छाटणी, नारळाच्या करवंट्या, तुराट्या यांवर सहज. बंब अंगणात असतो, धूर घरात येत नाही, जाळ कमीजास्त करावा लागत नाही. सरपण जाळायचंच असेल तर ते इथं जाळावं आणि स्वयंपाकाचा गॅस तेवढा पुरवावा, ही जुनीच वाटणी अजून सगळ्यात शहाणपणाची दिसते. नव्या पत्र्याच्या बंबांत पेलेटही चालतात, पण फुकटच्या करवंट्या असताना ते कशाला?

शहरातल्या सदनिकेत हे शक्य नाही, हे उघड आहे. तिथं पाइपचा गॅस किंवा गच्चीवरचा सौरबंब. बाल्कनीत शेगडी पेटवली की वरच्या मजल्याशी भांडण ठरलेलं.

विकत न घ्यायच्या जळणावरच्या चुली

पेलेटच्या गोष्टीत पुण्याचं दुसरं काम झाकलं जातं. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये उभी केलेली आरती ही संस्था, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, आधीपासून उलट्या बाजूनं विचार करत होती. जळण कारखान्यातून आणायचं नाही, घराजवळच करायचं. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. त्या काळात राज्यात 'लक्ष्मी' ही मातीची दोन वैलांची चूल पसरली. धुराडं भिंतीबाहेर. धुराडं साफ केलं नाही की धूर परत घरात, म्हणून पुष्कळ घरांत ती मोडली. पण जिथं कुंभाराला साचा जमला तिथं ती वर्षानुवर्षं चालली.

आरतीनं उसाच्या पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या वड्या पाडायची पद्धत बसवली, तिला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशावर चालणारा 'सराई' कुकर, शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात वरण-भात-भाजी वाफेवर शिजवणारा. एकदा पेटवला की लक्ष द्यायला नको. 'संपदा' ही चूल काड्या-काटक्यांवर वायू जाळते आणि शेवटी कोळसा उरवते. तो पुढच्या स्वयंपाकाला. ही चूल डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्या पुण्यातल्या समुचित एन्व्हायरो टेकमार्फत पुढे गेली. यांपैकी कुठलीही चूल 'ऊर्जा'सारखी लाखांनी विकली गेली नाही. पण पेलेटची पिशवी आली नाही म्हणून ती बंदही पडत नाही. बारामतीपलीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं घासलेटला पर्याय म्हणून इथेनॉलच्या स्टोव्हवर काम केलं आहे. उसाच्या पट्ट्यात ते रास्त वाटतं, पण इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जातं. तिथंही मोठं गिऱ्हाईक आधी.

धुराचं काय

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाचा विषयच हा होता, की आयुष्यात विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांना दमकोंडीचा आजार, म्हणजे सीओपीडी, का होतो. कारणांत चुलीचा धूर वर आहे. गावात म्हाताऱ्या बाईच्या खोकल्याला 'वयाचं' म्हणतात. त्यातला किती चुलीचा, ते कुणी विचारत नाही.

पंख्याची पेलेट चूल धूर पुष्कळ कमी करते, पण गॅसएवढा नाही. पेटवताना आणि संपताना धूर येतोच. ओलसर पेलेट असतील तर सारखा. आणि कोळसा असो की पेलेट, बंद खोलीत उबेसाठी शेगडी ठेवून झोपणं जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. दर थंडीत अशा बातम्या येतात. वॉचमनच्या केबिनमध्ये, मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत हे जास्त घडतं.

घ्यायचीच असेल तर

भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे पंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के आणि बिनपंख्याच्या चुलीची किमान २५ टक्के हवी. धुराच्या कणांची मर्यादाही पंख्याच्या चुलीला जास्त कडक आहे. दुकानदाराला चाचणीचा कागद मागावा. 'गॅसपेक्षा ८० टक्के बचत' असं छापलेलं पत्रक म्हणजे चाचणीचा कागद नव्हे.

त्याआधी मात्र चुलीपेक्षा पेलेटचा पत्ता काढावा. वीस-तीस किलोमीटरच्या आत बनवणारा आहे का, तो कारखान्याला टनानं देतो की घरगुती गिऱ्हाइकाला पोतंभरही देतो, पावसाळ्यात देतो का. अशा दोन जागा सापडल्या तर चूल बघायला जावं. एकच सापडली तर त्याच्या दरावर आपला स्वयंपाक राहील हे धरून चालावं. काही चुलींत पेलेट नसतील तेव्हा बोटभर लांबीचे लाकडाचे तुकडे, करवंट्यांचे बारके तुकडेही चालतात. अशी चूल मिळाली तर तीच घ्यावी, आणि विकत घेण्याआधी तसे तुकडे घेऊन जाऊन दुकानातच पेटवून बघावी. पंखा बिघडला तर सुटा मिळतो का, तेही तिथंच विचारावं. मोटार साधी असते, पण मापाची नसली की चूल बाद.

पहिला महिना गॅसची जोडणी तशीच ठेवून दोन्ही वापरावेत. पोत्यावर तारीख लिहावी, एक पोतं किती दिवस गेलं ते बघावं. ठोकताळ्यापेक्षा घरचा आकडा खरा.

साठवण हा शेवटचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग. पेलेट पाणी शोषतात आणि फुगून त्यांचा भुगा होतो. तो परत पेलेट होत नाही. मावळ-मुळशी-वेल्ह्याच्या पावसात नुसत्या गोणपाटात ठेवलेलं पोतं महिन्याभरात वाया जातं. आत प्लॅस्टिक असलेली पोती, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवले तर कोरडे राहतात, पण ठिणगीला जवळ. जून लागायच्या आधी चार महिन्यांचा माल भरून ठेवायची ऐपत आणि जागा नसेल, तर पावसाळ्यापुरता सिलेंडरच बरा. राखेचं म्हणाल तर ती बादलीत थंड करून मगच कुंडीत किंवा परसात टाकावी. वरून विझलेली दिसते, आत निखारा असतो.